दोन खणांची पेटी

वहिनी आपली कॉइल तळहातावरच्या फोडासारखी जपते, हे तुकडीत सगळ्यांना माहीत होतं आणि त्यावरून तिची टिंगलही भरपूर व्हायची. "वहिनी, झोपताना पांघरूण घालता का हो तिला?" असं कोणी विचारलं की ती म्हणायची, "घालते. तुझ्या आईने तुला वेळेवर घातलं असतं, तर तूही जरा धड निघाला असतास." मग विचारणारा मुकाट्याने आपली कॉइल पुसायला घ्यायचा.

तुकडीचं काम सुरुंग शोधायचं. लढाई कधीच संपली होती. ज्यांनी सुरुंग पेरले ते आपापल्या घरी जाऊन म्हातारे झाले होते, पण पेरलेलं तिथेच होतं. मुकादम शेताचे अरुंद पट्टे पाडून दोन्ही बाजूंना दोरी लावायचा आणि एकेका पट्ट्यात एकेक जण गुडघे टेकत, यंत्र फिरवत, हातभर हातभर पुढे सरकायचा. यंत्र म्हणजे तरी काय, एक काठी, एक डबा आणि काठीच्या टोकाला ताटाएवढी काळी तबकडी. तीच कॉइल. मातीच्या पोटातलं लोखंड ऐकते ती कॉइल, आपण नुसते तिला हिंडवतो. ती दगडावर आपटली, तिला तडा गेला, तड्यातून ओल आत शिरली, की ती बहिरी होते. आणि बहिरी झाल्याचं ती कोणाला सांगत नाही.

म्हणून वहिनी नव्या माणसांच्या कानीकपाळी ओरडायची. गवत बाजूला सारायचं तर हाताने सारा, कॉइलने नको, ते काही खुरपं नाही. दमलात म्हणून तिच्यावर भार देऊन उभे राहू नका. आणि कव्हर. कॉइलच्या तळाला बसणारं ते पातळ प्लास्टिकचं कव्हर खरचटेल, झिजेल, चिरेल. त्याचा जन्मच त्यासाठी आहे. पण त्याच्या आत खडे आणि माती अडकली, तर तेच कव्हर कॉइलला आतून घासत बसतं. तेव्हा रोज संध्याकाळी कव्हर उघडायचं, आतून झाडायचं, कॉइल पुसायची, पुन्हा बसवून कडेने चिकटपट्टी लावायची. "कव्हर गेलं तर नवं मिळतं," ती म्हणायची. "कॉइल गेली तर आपण गेलो."

तिला वहिनी हे नाव पडलं ते धाकटीमुळे. धाकटी म्हणजे तिची नणंद. घरात सगळे तिला धाकटीच म्हणत, तुकडीतही तेच चाललं. हिला कामावर घ्यायला मुकादम तयार नव्हता. पोरगी हसरी, चटपटीत, पण वेंधळी. बोलता बोलता हात कुठे जाईल सांगता येत नाही. वहिनीने शब्द टाकला. "मी आहे ना," म्हणाली. मुकादमाने घेतली. आणि घेतल्यावर थोड्याच दिवसांत धाकटीने काटेरी झुडूप कॉइलने रेटायला जाऊन ती दगडावर हाणली. मुकादमाने सगळ्यांसमोर सांगितलं, पुन्हा असं झालं तर घरी बसायचं. आणि आपटलेली कॉइल लपवली, तर लपवणाऱ्याने या शेताकडे फिरकायचंही नाही. आपटणं हा हाताचा दोष, लपवणं हा मनाचा, असं त्याचं म्हणणं.

आता त्या पेटीचं. तुकडीची सामान ठेवायची खोली इतकी ओली होती, की भिंतीला टेकलं तर पाठीला पोपडा लागून यायचा. तिथे कॉइल ठेवणं वहिनीच्या जिवावर यायचं. ती मुकादमाच्या इतकी मागे लागली, की शेवटी तो म्हणाला, तुमचं घर हाकेच्या अंतरावर आहे, तर तुम्ही दोघी कॉइली घरी नेत जा, पण माझं डोकं खाऊ नका. नवरा सुतार. त्याने त्याच आठवड्यात एक पेटी केली. आत दोन गोल खण, खणांना जुन्या घोंगडीचं अस्तर, वर कडी. उजवा खण वहिनीचा, डावा धाकटीचा. नवऱ्याने तिला आजवर काही दिलं नव्हतं असं नाही, पण इतकं नेमकं काही दिलं नव्हतं. तिने पेटीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "कोपरेसुद्धा घासलेत." तो म्हणाला, "तुला टोचले असते, तर मला जेवायला मिळालं असतं का?"

दोन्ही कॉइली एका घाण्याच्या, हुबेहूब. म्हणून वहिनीने आपल्या कव्हरवर पांढरा ठिपका काढला होता आणि धाकटीच्या कव्हरवर तांबडा. ठिपका कव्हरवरच. कॉइलला रंग लावायचा नाही, ओरखडा काढायचा नाही, हा नियमही तिचाच होता.

सुरुवातीला संध्याकाळी ती स्वतःच दोन्ही कव्हरं उघडून झाडायची. मग नवरा म्हणाला, तू चुलीपाशी अडकलेली असतेस, मी आणि धाकटी करतो की. पहिले काही दिवस ती पदराला हात पुसत येऊन त्यांच्या डोक्याशी उभी राहिली. ब्रश असा नको, असा धर. चिकटपट्टीचं टोक दुमडून ठेव, म्हणजे उद्या सोडवताना नखाने कॉइल खरवडावी लागणार नाही. नवऱ्याचे हात कसबी, एकदा सांगितलं की पुरे. मग तिने येऊन बघणं सोडलं. घरच्या माणसांवर किती पहारा ठेवायचा? दोघं भाऊबहीण उंबऱ्यावर बसून गप्पा मारत कॉइली पुसताहेत, हे चुलीपाशी बसून ऐकायलाच तिला बरं वाटायचं.

त्या दिवशी सकाळी गवत दवाने ओलंचिंब होतं. वहिनीने पेटीतून पांढऱ्या ठिपक्याची कॉइल काढली, काठीला लावली, केबल काठीभोवती घट्ट गुंडाळली. दोरीबाहेर मुकादमाने चाचणीसाठी पुरलेला लोखंडाचा तुकडा होता, त्यावरून फिरवली. यंत्र खणखणीत वाजलं. ती पट्ट्यात शिरली.

पट्टा गप्प होता. आदला दिवसही असाच गप्प गेला होता, सकाळभरात एकदाही यंत्राने तोंड उघडलं नव्हतं, आणि तिला बरंच वाटलं होतं. एखादा तुकडा असतो निर्मळ. आज मात्र गुडघे पुढे सरकवताना तिला गवतात डब्याचं एक गंजकं झाकण दिसलं. नुसतं दिसलं, उन्हात पडलेलं, पुरलेलंही नाही. तिने सवयीने त्याच्यावरून कॉइल नेली. यंत्र वाजलं नाही.

तिने पुन्हा नेली. मग अगदी टेकवून धरली. काही नाही.

तिने यंत्र हळूच मांडीवर घेतलं आणि शिट्टी वाजवली. मग मान वळवून मागे बघितलं. दोरीपासून इथपर्यंत ती बहिऱ्या यंत्रावर विसंबून आली होती. दबलेल्या गवतात तिच्या गुडघ्यांच्या खुणा ओळीने दिसत होत्या, आणि त्यातली एकही खूण आता तिची उरली नव्हती. पुढे माहीत नाही, मागेही माहीत नाही. जेवढ्या जमिनीवर ती बसली होती, तेवढीच काय ती तिची.

मुकादम दुसरं यंत्र घेऊन तिच्या खुणांवरून जमीन तपासत तिच्यापर्यंत पोचला, तोवर तिच्या पायांना मुंग्या येऊन त्या मेल्याही होत्या. "हलू नका," तो सारखा म्हणत होता. ती कशाला हलते? त्याच्या मागोमाग बाहेर आली तेव्हा सगळी तुकडी थांबून बघत होती. धाकटीही, आपलं यंत्र छातीशी धरून.

टेबलावर वहिनीने स्वतः कव्हर उघडलं. चिकटपट्टीचं टोक तिच्या पद्धतीने व्यवस्थित दुमडलेलं होतं. कव्हर निघालं आणि कॉइलवर काठापासून मध्यापर्यंत गेलेला तडा दिसला. दिसला म्हणजे मुद्दाम बघितला तरच दिसेल असा. त्यात पिवळसर गोंद भरला होता आणि वाळल्यावर तो पॉलिश कागदाने घासून असा सपाट केला होता, की बोटाला कळू नये. फक्त मधे एका जागी गोंद खाली बसला होता, आणि तिथे दवाचा ओलावा चमकत होता. उन्हाने वाळला की कॉइल शहाणी, दवाने भिजला की बहिरी. आणि चाचणी व्हायची ती कॉइल कोरडी असताना, गवतात शिरण्याआधी.

तो गोंद वहिनी ओळखत होती. दोन नळ्यांतला काढून कालवावा लागतो. सासूबाईंच्या चष्म्याची काडी नवऱ्याने त्यानेच जोडली होती, आणि अशीच घासली होती. धाकटीने हे केलं असतं तर गोंदाचे ओघळ आले असते. तिला साधं बटण लावता येत नाही.

"कधी आपटली?" मुकादमाने विचारलं.

"ही माझी नाही," वहिनी म्हणाली. "माझीच्या तळाला पाण्याचा डाग आहे."

"ठिपका तुमचा आहे."

"ठिपका माझा आहे. कॉइल माझी नाही."

मुकादम वैतागला. "वहिनी, मला शिक्षेची घाई नाही. मला कधीपासून ते सांगा. आज फुटली असेल तर आजचा पट्टा पुन्हा तपासू. आधी फुटली असेल तर कालचाही. आणि कालच्या पट्ट्याची दोरी मी दुपारी काढणार आहे. विहिरीची वाट आहे ती. पलीकडे बायका सकाळपासून हंडे घेऊन बसल्यात."

वहिनीने धाकटीकडे बघितलं. तिला वाटलं, पोरगी आता बोलेल. रडत का होईना, पण बोलेल. धाकटीने ओठ चाटले आणि म्हणाली, "वहिनी, आज सकाळीच दगडाला लागली असेल ना तुझी? तुझ्या लक्षात आलं नसेल."

इतकी लहान गोष्ट, आणि कशी घडवून पुढ्यात ठेवली. वहिनीला तिच्यासाठी टाकलेला शब्द आठवला. मी आहे ना, म्हणाली होती ती. होतीच की.

"दोरी काढू नका," ती मुकादमाला म्हणाली. "मी विचारून येते." तिने कॉइल उचलली आणि सरळ चालू लागली. मुकादमाने कोणाला ते विचारलं नाही.

नवरा एका दाराच्या फळीला रंधा मारत होता. तिने कॉइल त्याच्या पुढ्यात भुश्शावर ठेवली. त्याने रंधा बाजूला केला आणि पहिल्यांदा काय केलं, तर तड्यावरून अंगठा फिरवला.

"इथे खाली बसला वाटतं," तो म्हणाला. "अजून एक हात द्यायला हवा होता."

"कधी जोडलीत?"

"ऐक तरी आधी."

"कधी?"

"परवा संध्याकाळी. ती रडत आली गं. पुन्हा आपटली म्हणाली, मुकादम आता हाकलून देईल म्हणाली. काय करायचं मी? जोडून दिली."

"जोडून तिला द्यायची होतीत."

तो भुसा झटकल्यासारखे हात झटकून म्हणाला, "तिच्या हातात कशी देऊ? तुला माहीत आहे ती कशी आहे. तिचं लक्ष नसतं. ती गेली असती गं. तू बघून चालतेस. तुझ्या हातात असली की काही बिघडलं तर तुला लगेच कळणार. मी तिला म्हटलंसुद्धा, वहिनीला कळेल. आणि बघ, कळलं की नाही?"

तो खरंच असं म्हणाला, आणि म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर थोडा अभिमानही होता, बायकोच्या हुशारीचा. केसाने गळा कापतात म्हणतात, तो असा. कापणाऱ्याला वाटतं आपण केस विंचरतोय.

"म्हणजे तुमचा तुमच्या गोंदावर विश्वास नव्हता," वहिनी म्हणाली. "म्हणून माझ्या काठीला लावलीत."

"तसं नाही."

"मग कसं?"

त्याने पुन्हा अंगठा तड्यावर ठेवला. ती कितीतरी वर्षं तो अंगठा बघत आली होती. लाकडावर, मुलाच्या कपाळावर, तिच्या पाठीवर. तो कधी खोटं बोलेल असं तिला वाटलं नव्हतं, आणि आताही तो खोटं बोलला नव्हता. विचारल्याबरोबर सगळं खरं सांगितलं होतं. त्याचाच तिला जास्त राग आला.

"माझं कव्हर तिच्या कॉइलवर चढवताना काय बोलत होतात दोघं?" तिने विचारलं. "मी आत होते. मला हसण्याचा आवाज आला होता."

"तिला हसवत होतो," तो म्हणाला. "घाबरली होती फार."

तिने कॉइल उचलली. तो मागून दारापर्यंत आला. "घरातलं घरात ठेव. आपलेच दात, आपलेच ओठ. मुकादमाला सांग आज फुटली म्हणून. तुला तो काही करणार नाही, तुझं नाव आहे तिथे. तिला मात्र..."

"विहिरीच्या वाटेसाठी बायका बसल्यात," ती म्हणाली.

त्याला ते समजलं नाही. समजावून सांगायला ती थांबली नाही.

तिने मुकादमाला जे होतं ते सांगितलं. धाकटीने फोडली, नवऱ्याने जोडली, परवा संध्याकाळी. कालचा पट्टा आणि आजचा. आवाज चढवला नाही, काही झाकलं नाही, धाकटीकडे बघितलंही नाही. मुकादमाने धाकटीच्या हातून यंत्र काढून घेतलं. धाकटी म्हणाली, "वहिनी, तू तरी." बस्स, एवढंच. पूर्वी एवढं पुरलं असतं.

वहिनीने त्या यंत्राचं तांबड्या ठिपक्याचं कव्हर उघडलं. आत तिची कॉइल होती. स्वच्छ, अखंड, तळाला एक जुना पाण्याचा डाग, तोही तिच्या ओळखीचा. परवापासून धाकटी हिच्यावर निर्धास्त फिरत होती. वहिनीने दोन्ही कव्हरं टेबलावर ठेवली, आपलं पांढरं घेतलं, झाडलं, चढवलं. कडेने चिकटपट्टी लावली आणि तिचं टोक दुमडून ठेवलं.

"मी दुसऱ्या कोणाला पाठवतो," मुकादम म्हणाला.

"गुडघे माझे आहेत," ती म्हणाली. "मीच जाते."

कालच्या पट्ट्यात ती पहिल्यापासून शिरली. आज यंत्र बोलत होतं. खिळा, तारेचा तुकडा, बुटाची नाल. काल गप्प असलेली तीच जमीन आता बडबडत होती, आणि प्रत्येक आवाजाला थांबून, सळईने माती उकरून बघावं लागत होतं. पलीकडे हंडे घेऊन बसलेल्या बायका उठून उभ्या राहिल्या होत्या. वहिनी पट्ट्याच्या मध्यावर आली. तिथे मातीत तिच्या कालच्या डाव्या गुडघ्याची खूण वाळून घट्ट झाली होती, वाटीसारखी. तिच्या शेजारी यंत्र वाजलं, लांब आणि जाड आवाजात. ती पोटावर झोपली. सळई तिरकी घालत, बोटांनी माती काढत गेली आणि एक हिरवट गोल कडा दिसू लागली.

खुणेपासून वीतभर. तिने हात न हलवता नुसतं नजरेने मोजलं. काल ती दमून जरा डावीकडे कलली असती, तर झालंच होतं. तिला आठवलं, काल इथेच ती घटकाभर टेकली होती, तोंडावरची काच वर करून घाम पुसला होता, आणि आज जमीन किती चांगली आहे, असं मनात म्हणाली होती.

तिने खूण रोवली, शिट्टी दिली आणि आल्या वाटेने बाहेर आली. दोरीपाशी धाकटी उभी होती. तिला घरी जायला सांगितलं होतं, पण ती गेली नव्हती. तिने ती रोवलेली खूण बघितली आणि मटकन खाली बसली. "मला काय माहीत तिथे असेल," ती म्हणाली.

"कोणालाच माहीत नसतं," वहिनी म्हणाली. "म्हणून तर यंत्र असतं." आणि तिला ओलांडून पुढे गेली.

ऊन कललं, तसा नवरा पेटी घेऊन शेताच्या कडेला आला. रोज तोच आणायचा. आज येईल असं तिला वाटलं नव्हतं, पण सवय माणसाला बरोबर चालवत आणते. त्याला कोणीतरी वाटेत सांगितलं असावं, कारण त्याचा चेहरा उतरला होता आणि तो तिच्या गुडघ्यांकडे बघत होता. त्याने पेटी उघडून पुढे धरली. उजवा खण रिकामा होता, आत नुसतं घोंगडीचं अस्तर. त्याने तो झाडूनही आणला होता.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "फार चुकलं."

ती त्याला वाईट काही बोलली नाही. तसं बोलली असती, तर त्याला बरं वाटलं असतं. तिने यंत्रावरून कॉइल सोडवली, पुसली, छातीशी धरली आणि सामानाच्या त्या ओल्या खोलीकडे निघाली. तो पेटी उघडी धरूनच मागे मागे आला.

"अगं, तिथे ठेवू नकोस," तो म्हणाला. "तूच म्हणतेस ना, तिथे ओल आहे."

"आहे," वहिनी म्हणाली. "पण ती भिंतीवर दिसते."